यूडित लाइस्टर : सहीतला तारा

रेखाटणी

नमस्कार. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवण्यात माझी सगळी नोकरी गेली. सतराव्या शतकातली डच चित्रकला म्हटली की फळ्यावर दोनच नावं लिहायची हाताला सवय होती, रेम्ब्रांट आणि व्हर्मीर. तास उरला तर फ्रान्स हाल्स. मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे नेदरलँड्सला राहून आले आणि तेव्हापासून एक चौथं नाव मनातून जात नाही. त्या नावासाठी हा धागा काढतेय.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एका लहानशा लाकडी फळीवरच्या चित्रापुढं मी थबकले. ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारा तरुण, मागं अंधार, चेहऱ्यावर आणि वाद्यावर झगझगीत उजेड. ब्रशचे फटकारे इतके निर्धास्त की जवळ गेलं तर नुसता रंग दिसतो आणि चार पावलं मागं सरलं तर कापडाची घडी दिसते. चित्राचं नाव ‘सेरेनेड’, साल १६२९. रंगवणारी यूडित लाइस्टर तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. ८ मार्च २०२१ ला या संग्रहालयानं आपल्या मानाच्या दालनात पहिल्यांदाच तीन चित्रकर्तींची चित्रं लावली, त्यातलं हे एक. (बाकीच्या दोघी राखेल राउस आणि खेसिना तेर बोर्ख.)

यूडितचा बाप्तिस्मा २८ जुलै १६०९ ला हार्लेममध्ये झाला. आईवडिलांचं आठवं अपत्य. वडील यान विलेम्स मूळचे कापडाच्या धंद्यातले, पुढं त्यांनी बिअर गाळण्याचा कारखाना घेतला. त्या कारखान्याचं नाव होतं लाइस्टर, आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. डचमध्ये या शब्दाचा अर्थ वाट दाखवणारा तारा, म्हणजे खलाशांचा ध्रुव. पोरीनं त्याचीच सही केली. आपली दोन आद्याक्षरं एकमेकांत गुंफायची आणि उजव्या बाजूला छोटासा तारा काढायचा. एवढीशी खूण, पण हीच पुढं तिला परत आणणार होती.

१६२० च्या दशकाच्या मध्यावर वडिलांचं दिवाळं वाजलं. १६२८ मध्ये कुटुंब उत्रेख्तजवळच्या व्रेलांड गावी गेलं. त्याच वर्षी साम्युएल आम्पझिंग या धर्मोपदेशकानं हार्लेम शहराचं वर्णन छापलं, आणि त्यात एकोणीस वर्षांच्या या मुलीच्या तल्लख नजरेची तारीफ केली. हे मला फार मोलाचं वाटतं. त्या काळातल्या बहुतेक चित्रकर्ती चित्रकारांच्या लेकी असत. घरातच रंग खलले जात, घरातच इझल उभं असे, त्यामुळं शिकणं सोपं. यूडितच्या घरात यातलं काही नव्हतं. होतं ते कर्ज.

१६३३ मध्ये ती हार्लेमच्या सेंट ल्यूक गिल्डची सभासद झाली. गिल्ड म्हणजे धंद्याची पंचायत. गिल्डमध्ये असल्याशिवाय शहरात स्वतःच्या नावानं कार्यशाळा थाटता येत नसे आणि शिष्य घेता येत नसत. तिनं दोन्ही केलं. १६३५ पर्यंत तिच्याकडे तीन शिष्य होते, तिघंही मुलगे. १ जून १६३६ ला तिचं चित्रकार यान मीन्से मोलेनारशी लग्न झालं. दोघं ॲमस्टरडॅमला गेली. पाच मुलं झाली, त्यातली दोनच मोठी झाली. १६४८ च्या सुमारास हेमस्टेडला परतली. फेब्रुवारी १६६० मध्ये ती गेली, वय पन्नास.

आता माझं दुखणं. तिची बहुतेक चित्रं १६२९ ते १६३५ या सहासात वर्षांतली आहेत. लग्नानंतरची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि ती गेल्यावर तिचं नाव जे पुसलं गेलं ते थेट १८९३ पर्यंत. चित्रं मात्र कुठं गेली नव्हती. भिंतींवर होती, विकली जात होती, नावाजली जात होती, पण हाल्सची म्हणून. किंवा मोलेनारची म्हणून. तारा कॅनव्हासवर होता, आणि अडीचशे वर्षं कुणी तो वाचला नाही.

तुमच्यापैकी कुणी तिची चित्रं पाहिली असतील, काही वाचलं असेल तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

हार्लेम_वारी

ताई, सुंदर लिहिलंत. मी बारा वर्षं हार्लेमजवळ राहतो. हेमस्टेड आमच्या शेजारी, सायकलवर टप्प्यात. उच्चाराबद्दल एवढंच की इथं ‘लेइस्टर’ आणि ‘लाइस्टर’ यांच्या अधलामधला ऐकू येतो, त्यामुळं तुमचा चालेल.

हार्लेमला येणाऱ्यांनी फ्रान्स हाल्स म्युझियम चुकवू नये. इमारत मूळची म्हाताऱ्या निराधार पुरुषांच्या आश्रमाची, १६०९ मध्ये पुरी झालेली. म्हणजे यूडित आणि ही इमारत एका वयाच्या. मधल्या अंगणाभोवती बुटक्या छपरांच्या खोल्या आहेत. पावसाळी दुपारी आत उजेड कमी होतो तेव्हा समजतं की या मंडळींना उजेडाचं इतकं वेड का होतं.

तिथं यूडितचं एक काम आहे ज्याबद्दल फार बोललं जात नाही. चर्मपत्रावर रंगवलेलं ट्युलिप, १६४३ चं. लग्नानंतरचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. ट्युलिपच्या कंदांचा सट्टा फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला, तरी फुलांचे शौकीन आणि त्यांच्या चित्रवह्या होत्याच. पांढऱ्यावर लाल ज्वाळा असलेली पाकळी, इतक्या सावधपणे रंगवलेली की ‘सेरेनेड’वाल्याच हाताची आहे यावर विश्वास बसत नाही. एका हातात दोन स्वभाव.

मधला_मार्ग

लेख आवडला, पण एक शंका नोंदवतो. लेखाचा सूर ‘बाई होती म्हणून विसरली गेली’ असा वाटला, पण तसं सरळ म्हणता येईल का? फ्रान्स हाल्स स्वतः दोनेकशे वर्षं अडगळीत होता. त्याची चित्रं घाईची, अपुरी, दारुड्या हाताची असं मानलं जायचं. १८६० च्या दशकात थोरे-ब्यूर्गर या फ्रेंच समीक्षकानं त्याला वर काढलं. व्हर्मीरलाही त्यानंच. गुळगुळीत रंगकामाची आवड सरली आणि ब्रशचा फटकारा दिसणं ही कमतरता न राहता कौतुकाची गोष्ट झाली, तेव्हा हाल्स मोठा झाला. विस्मरण पुरुषांच्याही वाट्याला आलं आहे.

रेखाटणी

@मधला_मार्ग, तुमचं म्हणणं पटतं, आणि मी ते लेखात घालायला हवं होतं. पण फरक असा की हाल्स विसरला गेला तेव्हा त्याची चित्रं दुसऱ्याच्या खात्यावर गेली नाहीत. तो परत आला तेव्हा त्याची चित्रं त्याचीच होती, आणि येताना तिचीही घेऊन आला. हाल्सची किंमत वाढली म्हणून हाल्ससारखं दिसणारं सगळं हाल्सचं व्हायला लागलं.

कोर्टाची_पायरी

रेखाटणीताई, शेवटचं वाक्य अगदी वर्मावर बसलं. मी वकिली करतो, आणि या बाईचं नाव मला एका जुन्या दाव्यामुळं माहीत आहे. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण १८९३ चं गूढ त्यातच आहे.

आधी भाव समजून घ्या. १८६५ मध्ये पॅरिसच्या लिलावात लॉर्ड हर्टफर्डनं हाल्सचं एक व्यक्तिचित्र (आज ज्याला ‘हसरा सरदार’ म्हणतात ते) रॉथशिल्डशी चढाओढ करून ५१,००० फ्रँकला घेतलं. त्यानंतर हाल्सची मागणी वाढतच गेली. १८९२ मध्ये लंडनच्या एका चित्रविक्रेत्यानं दुसऱ्याला एक चित्र विकलं. मद्याचा पेला घेतलेली बाई आणि व्हायोलिन वाजवणारा पुरुष, दोघंही खुशीत. हाल्सचं अव्वल काम म्हणून साडेचार हजार पाउंडांना. सर जॉन मिले यांच्यासारख्या नामांकित चित्रकारानंही ते हाल्सचंच असल्याचा निर्वाळा दिला होता. मग घेणाऱ्याच्या लक्षात आलं की हाल्सच्या सहीखाली दुसरीच खूण आहे. गुंफलेली अक्षरं आणि तारा. सही बनावट होती.

प्रकरण कोर्टात गेलं. मे १८९३ च्या अखेरीस तडजोड झाली. चित्र घेणाऱ्याकडेच राहिलं, किंमत हजारेक पाउंडांनी कमी केली आणि दाव्याचा खर्च वेगळा.

वकील म्हणून मला यात काही गैर दिसत नाही. माल जो सांगितला तो नव्हता, भरपाई मिळाली. पण माणूस म्हणून वाचताना अस्वस्थ होतं. काल जे चित्र ‘हाल्सचं सर्वोत्तम’ होतं त्यातला एक फटकाराही रात्रीत बदलला नव्हता. भांडण होतं ते फक्त नुकसान किती झालं याचं. हाल्सच्या तोडीचा आणखी एक हात सापडला म्हणून दोन्हीपैकी एका बाजूलाही आनंद झाला नाही.

आनंद झाला तो एका अभ्यासकाला. कॉर्नेलिस हॉफस्टेड द ख्रोत या डच कलेतिहासकारानं त्याच वर्षी यूडितवर लेख लिहिला आणि मोनोग्रामच्या, म्हणजे त्या गुंफलेल्या अक्षरांच्या सहीच्या, आधारे सात चित्रं तिच्या नावावर केली. आज तो आकडा पस्तिसाच्या आसपास आहे.

निळी_शाई

मी तर असं वाचलं होतं की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानं ते चित्र हाल्सचं म्हणून विकत घेतलं आणि तिथं सही उघडकीला आली. जालावर सगळीकडे हेच आहे.

कोर्टाची_पायरी

@निळी_शाई, हो, ही गोष्ट फार पसरली आहे. चित्र आज लूव्रमध्येच आहे म्हणून गल्लत होते. पण तिथं ते १९१४ मध्ये एका बॅरनच्या मृत्युपत्रानं आलं, दाव्यानंतर वीसेक वर्षांनी. दावा लंडनचा आणि दोन्ही पक्ष व्यापारी. संग्रहालयाच्या तज्ज्ञानं गूढ उकललं ही कल्पना ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात ते उकललं घेणाऱ्याच्या खिशाला चटका बसला म्हणून.

व्हार्निश

धागा वाचून राहवलं नाही. मी जुन्या चित्रांच्या जतन-दुरुस्तीचं काम करते, आपल्याकडच्याच तैलचित्रांचं. या बाईची दोन चित्रं आमच्या क्षेत्रात शिकवण्यासारखी आहेत.

पहिलं तिचं आत्मचित्र, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. साधारण १६३० चं. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून ती आपल्याकडे वळली आहे, तोंड अर्धवट उघडं, जणू आपण दारात आलो आणि तिनं ‘या ना’ म्हटलं. एका हातात पॅलेट आणि मूठभर ब्रश. इझलवर हसरा फिडलवाला. हे चित्रही दीर्घकाळ हाल्सचं मानलं जायचं.

त्याच्या इन्फ्रारेड तपासणीत इझलवरच्या फिडलवाल्याच्या खाली एका बाईचा चेहरा सापडला. हे कसं कळतं ते थोडक्यात सांगते. इन्फ्रारेड किरण बऱ्याच रंगद्रव्यांतून आरपार जातात, खालच्या पांढरट अस्तरावर आदळून परततात. काजळीसारखा कार्बनचा काळा मात्र ते गिळतो. त्यामुळं वरच्या थराखाली काळ्यानं केलेलं रेखाटन किंवा गडद भाग पडद्यावर उठून दिसतो. तर आधी तिनं चित्रातल्या चित्रात एका बाईचा चेहरा काढला होता, बहुधा स्वतःचाच. मग विचार बदलला आणि तिथं फिडलवाला आणला. माझ्या मते तो निर्णय धंद्याचा आहे. मी व्यक्तिचित्र करते हे तर आत्मचित्रातून दिसतंच, इझलवर गाण्याबजावण्याचा माणूस ठेवला की दुसरंही येतं हे गिऱ्हाइकाला कळतं. एकाच कॅनव्हासवर दोन्ही नमुने. तो लेसचा भला मोठा गळपट्टा बघा, रंगकाम करताना तसला कोण घालेल? तो ‘मी प्रतिष्ठित आहे’ हे सांगायला.

दुसरं ‘शेवटचा थेंब’, फिलाडेल्फियात. दोन तरुण रात्री उशिरापर्यंत पिताहेत. कितीतरी वर्षं ते नुसतं मौजेचं चित्र वाटायचं. १९९३ च्या सुमारास साफ करून वरचा रंग काढला तेव्हा दोघांच्या मधे सांगाडा उभा. हातात वाळूचं घड्याळ. कुणा जुन्या मालकाला किंवा विक्रेत्याला तो दिवाणखान्यात नकोसा वाटला आणि त्यानं बुजवून टाकला. त्याबरोबर चित्राचा अर्थच बुजला.

मला कामात हे रोज दिसतं. ज्याला आपण ‘चित्र खराब होणं’ म्हणतो त्यात ओल आणि वाळवीपेक्षा माणसाचा हात जास्त असतो. एकदा एका जुन्या घरातलं देवीचं तैलचित्र माझ्याकडे आलं, तळाशी सही पुसून दुसरी घातलेली. मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘पहिल्या नावाला कोण ओळखतं?’

रेखाटणी

@व्हार्निश, इझलवरच्या चित्राचा हा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्या काळच्या हार्लेमचा बाजार लक्षात घेतला तर तो पक्का बसतो. प्रॉटेस्टंट चर्चमधून वेदीवरच्या चित्रांचं काम संपलेलं, राजदरबार नाही. गिऱ्हाईक कोण, तर शहरातले व्यापारी, कारागीर, दुकानदार. त्यांना घरात लावायला लहान आकाराची, ओळखीच्या विषयांची चित्रं हवी असत. तयार करून ठेवायची आणि विकायची. अशा बाजारात स्वतःची ओळख पटवून देणं फार गरजेचं होतं. तारा काढायचा तो त्यासाठीच.

जुनी_वही

वाचत होते, लिहावं की नको ठरत नव्हतं. मोलेनार १६६८ मध्ये वारला तेव्हा घरातल्या मालमत्तेची यादी झाली. त्यात चित्रंही नोंदली. त्यातली काही यूडितची होती आणि त्यांच्यापुढं तिचं नाव लिहिलेलं नाही, ‘मयताची बायको’ अशा अर्थाचं लिहिलंय. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढं वाचू शकले नाही.

आपल्याकडे तर लग्नात बाईचं पहिलं नावही बदलायची रीत. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तेही तिच्या ट्रंकेतल्या भरतकामाच्या कापडावरून. कोपऱ्यात दोऱ्यानं भरलेलं एक अक्षर होतं, आणि ते आम्हाला माहीत असलेल्या तिच्या नावाचं नव्हतं. आईला विचारलं तेव्हा उलगडलं. म्हणून रेखाटणीताईंचा तारा मला इतका जवळचा वाटला.

मधला_मार्ग

@जुनी_वही, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या पहिल्या शंकेकडे पुन्हा बघतोय. तरी एक सांगू का? डच बायका तेव्हा कागदोपत्री वडिलांचंच नाव लावत, नवऱ्याचं नाही. म्हणजे कायद्यानं तिचं नाव शाबूत होतं. यादी करणाऱ्यानं सवयीनं लिहिलं असेल. त्याला चित्रांची किंमत करायची होती, इतिहास लिहायचा नव्हता. आणि १६४८ मध्ये, म्हणजे लग्नाला बारा वर्षं झाल्यावरही, थिओडोरस स्क्रेव्हेलियस या हार्लेमच्याच लेखकानं शहरातल्या कलावंत बायकांमध्ये तिलाच सर्वात वर ठेवलं, आडनावावर श्लेष करून तिला कलेतला खरा मार्गदर्शक तारा म्हटलं. समकालीनांना ती ठाऊक होती.

जुनी_वही

कायद्यानं शाबूत असलेलं नाव सवयीनं गळून पडलं, हेच तर मला टोचलं.

ब्रश_नंबर_चार

सगळ्यांना नमस्कार, मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. ती हाल्सची शिष्या होती का? आमच्याकडे कुणीतरी तसं सांगितलं होतं.

रेखाटणी

बाळ, तसा कागद सापडलेला नाही. शैली जवळची आहे, मोकळा फटकारा, हसरे चेहरे, आणि दोघं एकाच गावात. पण नुसतं हाल्सकडं बघून ती उभी राहत नाही. उत्रेख्तच्या चित्रकार मंडळींनी, होंथोर्स्ट आणि तेरब्रुगन यांनी, इटलीतून काराव्हाजो या चित्रकाराची अंधार-उजेडाची रीत आणली होती. यूडितचं कुटुंब उत्रेख्तजवळ राहायला गेलं आणि पुढच्याच वर्षीच्या ‘सेरेनेड’मध्ये तो उजेड आहे. हाल्सच्या चित्रांत दिव्याचा उजेड जवळजवळ नाहीच.

आणि हाल्सशी तिचं नातं शिष्येचं असो नसो, बरोबरीचं नक्की होतं. १६३५ मध्ये तिच्याकडचा एक शिष्य आल्यावर काही दिवसांतच हाल्सच्या कार्यशाळेत निघून गेला. यूडितनं गिल्डकडे तक्रार केली, ठरल्या फीची मागणी केली. हाल्स तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, गावातला मोठा चित्रकार. ही सव्वीस वर्षांची. गिल्डनं मुलाच्या आईला काही रक्कम भरायला लावली, हाल्सला तीन गिल्डरचा (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) दंड केला. शिष्याची रीतसर नोंद केली नव्हती म्हणून यूडितलाही भुर्दंड पडला.

वर्गात दरवर्षी चित्रकारांच्या दंतकथा सांगायचे, कान कापल्याच्या आणि उपाशी मेल्याच्या. ही खरीखुरी तक्रार मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडली. आपल्या शिकवण्याची किंमत मागणारी एक तरुण मुलगी.

कोर्टाची_पायरी

सव्वीसाव्या वर्षी वजनदार माणसाविरुद्ध अर्ज करायला काय लागतं ते मी रोज बघतो. सलाम.

निळी_शाई

मग लग्नानंतर ती का थांबली? मला हा प्रश्न सोडवत नाही. नवऱ्यानं थांबवलं?

हार्लेम_वारी

नवऱ्यानं थांबवल्याचं कुठंच दिसत नाही. मोलेनारची आणि तिची कामाची जागा एक, मॉडेल एक, चित्रांतल्या खुर्च्या आणि वाद्यंही तीच. त्यामुळं मोलेनारच्या नावावरच्या चित्रांत तिचा हात किती, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. कार्यशाळेचं चित्र कार्यशाळेच्या मालकाच्या सहीनं जायचं, ही तेव्हाची रूढ पद्धत. आधी ती स्वतः मालक होती. लग्नानंतर घरात एकच दुकान, आणि पाटी नवऱ्याची. मोलेनारच्या डोक्यावर कर्जं होती, कोर्टकज्जे होते, लेकरं एकामागून एक जात होती. हिशेब, घर, मुलं, दुकान यातलं कुणी काय बघत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

पण ‘थांबली’ हा शब्द मी वापरणार नाही. १६४३ चं ट्युलिप आहे. १६५४ चं एक फुलांचं स्थिरचित्र आहे, सहीसकट. आणि २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरातून तिचं आणखी एक आत्मचित्र बाहेर आलं, १६५० च्या दशकातलं. चाळिशी उलटलेली यूडित, हातात ब्रश आणि पॅलेट. वीस-पंचवीस वर्षांनीही स्वतःला दाखवायचं तर तिनं चित्रकार म्हणूनच दाखवलं.

जुनी_वही

हे वाचून बरं वाटलं. हेच मी आईला वाचून दाखवलं.

व्हार्निश

‘प्रस्ताव’ या चित्राबद्दल कुणीच बोललं नाही! माझं सर्वात आवडतं. द हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे, १६३१ चं, उंची साधारण एक वीतभर आणि चार बोटं. एक बाई दिव्याच्या उजेडात शिवत बसली आहे. केसाळ टोपी घातलेला माणूस तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकलाय आणि दुसऱ्या हातात नाणी पुढं केली आहेत. ती मान वर करत नाही.

त्या काळी अशा विषयाची चित्रं हार्लेम-उत्रेख्तमध्ये भरपूर निघत, पण त्यांत बाई हसणारी, उघड्या गळ्याची, सौद्यात सामील. इथं ती गळ्यापर्यंत झाकलेली, पायाखाली शेगडी, हातात सुई. काही अभ्यासक म्हणतात की हा नकार आहे, काही म्हणतात साधी मागणी घालणं असेल. ‘प्रस्ताव’ हे नाव तिनं दिलेलं नाही, नंतरचं आहे. मी नकाराच्या बाजूची. कारण उजेड बघा कुणावर आहे. तिचा चेहरा आणि तिचं पांढरं कापड लख्ख, आणि त्याच्या मागं भिंतीवर त्याचीच भली मोठी काळी सावली. रंगवणारीनं बाजू घेतली आहे.

मधला_मार्ग

मी आत्ता ते मोठं करून पाहिलं. सुई धरलेल्या बोटांत ताण आहे. मला आधी ते साधं दिवाणखान्यातलं दृश्य वाटलं होतं. व्हार्निशताई, तुमच्या बाजूला आलो.

ब्रश_नंबर_चार

रेखाटणीबाई, मला असा दिव्याचा उजेड जमतच नाही. मी फोटोवरून करतो आणि चेहरा मातकट होतो. यूडितसारखा कसा येईल?

रेखाटणी

फोटो बाजूला ठेव. कॅमेरा अंधार भरून काढतो आणि तुला हवा तो अंधारच निघून जातो. घरात कुणालातरी रात्री टेबलाशी बसव, शक्यतो काहीतरी काम करताना, भाजी निवडताना किंवा शिवताना, म्हणजे ते अवघडणार नाहीत. खोलीतले सगळे दिवे घालव. टेबलावर एकच दिवा, हनुवटीच्या खालच्या पातळीला. एरवी आपण वरचा उजेड रंगवतो, नाकाची सावली ओठावर पडते. इथं सगळं उलटं होईल, ते डोळ्यांनी नीट बघ, डोक्यानं रंगवू नकोस.

आधी कागद पूर्ण तपकिरी करून घे. पांढऱ्या कागदावर सावली शोधावी लागते, तपकिरीवर फक्त उजेड ठेवायचा असतो. पांढऱ्यात थोडा पिवळा घालून सर्वात उजळ जागा शोध, आणि अशा जागा तीनापेक्षा जास्त घेऊ नकोस. सावलीत काळा घालशील तर पुन्हा मातकट होईल. बर्न्ट अंबरमध्ये जरासा निळा घाल आणि पातळ ठेव. मागच्या भिंतीवर सावली कुठवर जाते तेही बघ, ‘प्रस्ताव’मध्ये अर्धं काम ती सावली करते. दीड तासाच्या वर बसू नकोस. आणि झालं की इथं कळव.

निळी_शाई

मीही करून बघणार आहे. शाळेनंतर ब्रश धरलेला नाही.

ब्रश_नंबर_चार

बाई, काल रात्री केलं. आई मेथी निवडत बसली होती, समोर स्टीलच्या डब्यावर दिवा ठेवला. नाकाची सावली खरंच वर कपाळाकडे गेली! ती मी आधी चुकीची समजून दोनदा पुसली, मग तुमचं आठवलं आणि तशीच ठेवली. मेथीच्या जुडीवर सर्वात जास्त उजेड आलाय, चेहऱ्यापेक्षाही, ते चालेल ना? आईनं बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर ‘माझं नाव लिहिलंस का खाली?’ मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलंय, तिचं आणि माझं, दोघांचंही. तारीखही घातली.

रेखाटणी

चालेल. मेथीवरचा उजेड तसाच राहू दे, हात लावू नकोस. फक्त पेन्सिल पुसते रे. नाव शाईनं घाल, आणि पुढच्या बाजूला.